दगडाचे सोंग, दगडाचे वय

बागेची हौस असणाऱ्यांमध्ये एक युक्ती नेहमी सांगितली जाते. सिमेंटची नवी करडी कुंडी आणावी, तिच्यावर ताक किंवा शेणकाला फासावा, ती सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडावे. थोड्याच दिवसांत ती एखाद्या जुन्या देवळाच्या आवारातून उचलून आणल्यासारखी दिसू लागते म्हणे. ही युक्ती कधी साधते, कधी साधत नाही. पुष्कळदा ताकाला वास येतो, मुंग्या जमतात आणि कुंडी होती तशीच करडी राहते.

असे का होते? या साध्या प्रश्नाच्या मागे गेलो की आपण सुमारे अडीचशे वर्षांच्या एका रंजक इतिहासात शिरतो. दगडाची नक्कल करायला निघालेल्या माणसांचा हा इतिहास आहे. त्यात एक उद्योजक स्त्री आहे, एक गवंडी आहे, एक माळी आहे. दगड म्हणजे काय, आणि तो जुना होतो म्हणजे नेमके काय होते, हे कळायला या नकलांची बरीच मदत झाली.

न झिजणारा दगड

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये श्रीमंतांच्या बागांतून ग्रीक-रोमन थाटाचे पुतळे, कलश आणि कुंड्या ठेवण्याची फॅशन होती. खरा दगड कोरून घ्यायचा तर खर्च फार, आणि प्रत्येक नग नव्याने कोरावा लागे. शिवाय इंग्लंडच्या पावसात आणि गोठणाऱ्या थंडीत चुनखडकाचे कोरीवकाम काही दशकांत बोथट होई.

१७६९ साली एलिनॉर कोड या स्त्रीने लंडनच्या लॅम्बेथ भागातील कृत्रिम दगडाचा एक कारखाना हाती घेतला. तिने आयुष्यभर लग्न केले नाही. पण धंद्यातल्या स्त्रीला 'मिसेस' म्हणायचे, या त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ती मिसेस कोड म्हणूनच ओळखली गेली. तिच्या मालाला पुढे 'कोड स्टोन' हे नाव पडले. तिने स्वतः त्याला ग्रीक शब्दांवरून 'लिथोडायपायरा' म्हटले होते. याचा अर्थ 'दोनदा भाजलेला दगड'.

या नावातच कृती दडलेली आहे. हा दगड नव्हताच, ती एक प्रकारची भाजलेली माती होती. पांढरट चिकणमातीत आधीच एकदा भाजून कुटलेली माती, गारगोटीची पूड, वाळू आणि काचेचा चुरा मिसळत, ते साच्यात दाबून भरत आणि सुमारे ११०० अंश सेल्सिअसला चार दिवस भाजत. नुसती माती भाजताना बरीच आकसते व वाकडी होते. आधी भाजलेली पूड पुन्हा आकसत नाही, म्हणून हा माल फक्त सुमारे आठ टक्के आकसे आणि मोठे पुतळेही सरळ राहत. काचेचा चुरा वितळून कण एकमेकांना जोडी, त्यामुळे पाणी आत शिरायला वाव उरत नसे.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलाच्या टोकाशी १८३७ साली घडवलेला कोड स्टोनचा एक सिंह आजही उभा आहे. त्याची आयाळ अजून रेखीव आहे. लंडनच्या धुराने खऱ्या चुनखडकाचे किती पुतळे खाल्ले, पण या नकली दगडाला फारसे काही झाले नाही. म्हणजे कोडबाईंच्या गिऱ्हाइकांना दगड हवा होता तो म्हातारा न होणारा. मुद्दाम म्हातारा दिसणारा दगड मागणारे लोक अजून यायचे होते.

माळ्याची कुंडी

१८२४ साली लीड्समधील जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्याने एक पेटंट घेतले. चुनखडक आणि चिकणमाती एकत्र भाजून केलेल्या पुडीचे ते पेटंट होते, आणि त्याच्या शीर्षकात शब्द होते 'कृत्रिम दगड'. पाणी घालून घट्ट झालेली ही वस्तू पोर्टलंड येथील नावाजलेल्या चुनखडकासारखी दिसते, असा त्याचा दावा होता. लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल याच खडकाचे आहे. अ‍ॅस्पडिनने आपल्या पुडीला 'पोर्टलंड सिमेंट' म्हटले. आज जगभर जे सिमेंट वापरले जाते त्याच्या पोत्यावर हेच नाव छापलेले असते, म्हणजे सोंगाची खूण अजून त्याच्या अंगावर आहे. आजचे सिमेंट मात्र अ‍ॅस्पडिनच्या सिमेंटपेक्षा बरेच जास्त, सुमारे १४५० अंशांपर्यंत भाजतात.

यानंतरची पायरी थेट बागेतच घडली. पॅरिसमधील जोसेफ मोनिए हा माळी मोठ्या झाडांच्या कुंड्यांनी त्रासला होता. संत्र्याची वगैरे झाडे थंडीत काचघरात न्यायची आणि उन्हाळ्यात बाहेर आणायची असत. लाकडी कुंड्या कुजत, मातीच्या फुटत. सिमेंटच्या कुंड्या मुळांच्या रेट्याने तडकत. मोनिएने लोखंडी जाळीचा सांगाडा करून त्यावर सिमेंटचा लेप दिला. १८६७ साली त्याने बागेतील कुंड्यांसाठी या पद्धतीचे पेटंट घेतले.

हे का जमले ते पाहू. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताणाला फार कच्चे असते. त्याची ताण सोसण्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या साधारण एक दशांशच भरते. आतून माती आणि मुळे रेटतात तेव्हा कुंडीच्या भिंतीवर ताणच पडतो. हा ताण लोखंड उचलते. सुदैवाने तापमानाबरोबर लोखंड आणि काँक्रीट जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात, त्यामुळे दोघे एकमेकांपासून सुटत नाहीत. मोनिएने पुढे नळ, टाक्या आणि १८७५ साली शाझले येथे सुमारे १४ मीटर लांबीचा पूलही बांधला. त्या पुलाच्या कठड्याला त्याने झाडाच्या फांद्यांचे रूप दिले. माळीच तो!

त्याचे हक्क जर्मन अभियंत्यांनी घेतले, त्यांनी त्यामागचे गणित मांडले, आणि आज ज्या आरसीसीच्या इमारतीत आपल्यापैकी पुष्कळजण राहतात, तिच्या पूर्वजांत या कुंडीची गणना होते. मोनिए स्वतः १९०६ साली हलाखीत वारला.

खडकाची नक्कल

याच काळात इंग्लंडमध्ये पुलॅम घराण्याची एक पेढी निराळेच काम करत होती. विटांचे तुकडे आणि भट्टीतील खंगर रचून त्यावर सिमेंटचा गिलावा चढवायचा आणि त्याला नैसर्गिक खडकाचे रूप द्यायचे. हा होता 'पुलॅमाइट'. लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये १८६० च्या दशकात असे कृत्रिम कडे उभे राहिले.

गिलावा ओला असताना त्यावर नुसत्या रेघा मारून भागत नसे. वालुकाश्म थराथराने बनतो, हे थर कधी तिरपे होतात, भेग गेली तर थर वरखाली सरकतात, मऊ थर आधी झिजून तेथे कपार पडते, हे सगळे कारागिराला माहीत असावे लागे. त्या काळी भूशास्त्र हा सुशिक्षितांच्या आवडीचा विषय होता आणि चुकीचा थर लगेच कोणाच्यातरी नजरेला आला असता. पुलॅमच्या खडकांनी भूशास्त्रज्ञांनाही फसवले, असे सांगितले जाई. ते खरे असो वा नसो, चांगली नक्कल करायची तर खडक कसा दिसतो यापेक्षा तो कसा बनतो हे आधी जाणून घ्यावे लागते, हा धडा येथे मिळतो.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हा धडा आणखी पुढे गेला. इंग्लंडमध्ये उंच डोंगरावरील इवली झाडे बागेत लावण्याचा छंद वाढला होता, आणि त्यासाठी शेतावरच्या जुन्या दगडी डोणी फार आवडीने घेतल्या जात. गुरांना पाणी पाजायच्या या डोणी पत्र्याच्या टाक्या आल्यावर अडगळीत पडल्या होत्या. मागणी वाढली तशा त्या दुर्मिळ झाल्या. मग हौशी माळ्यांनी सिमेंट, वाळू आणि पीट म्हणजे दलदलीत साठलेला अर्धवट कुजलेला पाला, असे मिश्रण करून डोणी बनवायला सुरुवात केली. त्याला नाव पडले 'हायपरटुफा'.

'टुफा' हा खरा खडक आहे. चुन्याचा अंश असलेल्या झऱ्याच्या पाण्यातून कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडते आणि आसपासच्या शेवाळावर, काड्यांवर, पानांवर त्याचे पुट चढते. आतला पाला कुजून जातो आणि मागे भोकाभोकांचा, हलका खडक उरतो. हायपरटुफातही नेमके हेच घडते. सिमेंट पिटाच्या तंतूंना वेढते, तंतू हळूहळू कुजतात आणि छिद्रे उरतात. आता दगडाच्या रूपाबरोबर त्याच्या घडण्याचीही नक्कल होऊ लागली होती.

कुंडी जुनी होते म्हणजे काय?

आता आपण ताक लावलेल्या कुंडीकडे वळू. ती युक्ती फसते, याचे उत्तर शाळेत केल्या जाणाऱ्या एका प्रयोगात आहे.

चुन्याच्या निवळीत आपण नळीने फुंकर मारतो आणि ती दुधाळ होते. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडशी कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा संयोग होऊन न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट बनते. सिमेंटमध्ये पाणी घातले की दोन मुख्य पदार्थ तयार होतात. एक कॅल्शियम सिलिकेटचा, जो सगळे घट्ट धरून ठेवतो. दुसरा हाच आपला कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्यामुळे नव्या सिमेंटच्या छिद्रांतील पाण्याचा सामू १२.५ ते १३ च्या आसपास असतो. इतक्या अल्कधर्मी जागी शेवाळाचा बीजाणू तग धरू शकत नाही. वर कितीही ताक ओता, त्यातील थोडेसे लॅक्टिक आम्ल भिंतीतल्या चुन्याच्या साठ्यापुढे टिकत नाही.

मग हवा आपले काम सुरू करते. आपण निवळीत जी फुंकर काही सेकंद मारतो, तीच हवा कुंडीवर वर्षानुवर्षे मारत असते. वरच्या थरातील हायड्रॉक्साइडचे कार्बोनेट होते, सामू ९ च्या खाली येतो, आणि कार्बोनेटचा हा थर हळूहळू आत सरकतो. त्याची खोली ढोबळमानाने काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे चार वर्षांत जेवढी खोली गाठली, त्याच्या दुप्पट व्हायला सोळा वर्षे लागतील.

सामू उतरला, पृष्ठभाग खडबडीत असला आणि छिद्रांत ओल टिकली, की पाहुणे येऊ लागतात. प्रथम नीलहरित जीवाणू आणि शैवाले. पावसाळ्यात आपल्याकडील कुंपणाच्या भिंती हिरव्या होतात आणि उन्हाळ्यात त्यावर काळे ओघळ उरतात, ती करामत बव्हंशी यांचीच. मग शेवाळाच्या गाद्या, आणि त्यांच्या बरोबरीने किंवा नंतर शैवाक म्हणजेच दगडफुले. ताक किंवा शेणकाला यांचा उपयोग असलाच तर या टप्प्यावर. ओल धरून ठेवायला आणि थोडे पोषण द्यायला. कुंडी आधी पुष्कळ दिवस पाण्यात बुडवून, पाणी बदलत ठेवली तर तिच्यातला सुटा चुना बराच निघून जातो आणि युक्ती साधण्याचा संभव वाढतो.

दगडफुलांचे घड्याळ

दगडफूल आपल्या मसाल्याच्या डब्यात असते, पण ते फूल नव्हे आणि एक वनस्पतीही नव्हे. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार आहे, हे स्विस शास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर याने १८६७ साली मांडले. मोनिएच्या पेटंटचे हेच वर्ष. त्याच्या आदल्या वर्षी, १८६६ साली, विल्यम नायलँडर याने पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतील दगडफुले पाहून नोंदवले होते की शहरात इतरत्र ती दिसत नाहीत, आणि ती हवेच्या शुद्धतेची खूण मानता येतील. म्हणजे कुंडीवर दगडफूल आले तर ती तेथील हवेबद्दलही काही सांगत असते.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट तिसरी. दगडाला खपलीसारखी चिकटून वाढणारी दगडफुले अतिशय सावकाश वाढतात. त्यांच्यापैकी अनेक वर्षाला एक मिलिमीटरही पसरत नाहीत. ऑस्ट्रियात वाढलेल्या रोलंड बेशेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९५० साली याचा उपयोग हिमनद्यांनी मागे टाकलेल्या दगडगोट्यांचे वय काढण्यासाठी सुचवला. दगड उघडा पडल्यावर त्यावरचे सर्वांत मोठे दगडफूल किती व्यासाचे झाले आहे, ते मोजायचे. पण वाढीचा वेग कसा ठरवायचा? त्यासाठी तारीख माहीत असलेला दगड हवा. तो स्मशानात सापडतो. थडग्यावर साल कोरलेले असते, त्यावरचे दगडफूल मोजले की घड्याळ लावून झाले. ओल, ऊन, जात यांप्रमाणे हे घड्याळ बदलते, म्हणून ते प्रत्येक प्रदेशासाठी नव्याने लावावे लागते.

म्हणजे दगडाचे 'जुनेपण' ही एका कामाची नोंद आहे. हवेने, पाण्याने आणि सजीवांनी किती काळ काम केले ते त्यात लिहिलेले असते.

खोटी नोंद

ही नोंद खोटी करता येते का? कुंडीच्या बाबतीत तो गमतीचा प्रश्न आहे. इतरत्र तो फार महागात पडतो.

कॅलिफोर्नियातील गेटी संग्रहालयाने १९८५ साली एका तरुणाचा सुमारे दोन मीटर उंचीचा प्राचीन ग्रीक शैलीचा संगमरवरी पुतळा विकत घेतला. कलेच्या जाणकारांत त्याच्या अस्सलपणाबद्दल मतभेद होते. दगड डोलोमाइट जातीचा होता. त्याच्या पृष्ठभागावरील मॅग्नेशियम निघून जाऊन तेथे कॅल्साइटचे पुट तयार झाले आहे, आणि असे पुट बसायला दीर्घ काळ लागतो, असा निष्कर्ष शास्त्रीय तपासणीतून काढला गेला होता. पुढे त्या पुटात कॅल्शियम ऑक्झलेट असल्याचे आढळले, आणि तशा तऱ्हेचे बदल प्रयोगशाळेत थोड्या काळात घडवता येतात असेही दिसून आले. शेवटी पुतळ्याच्या पाटीवर संग्रहालयाने दोन्ही शक्यता लिहिल्या : इसवी सनापूर्वी सुमारे ५३०, किंवा आधुनिक बनावट. २०१८ मध्ये पुतळा प्रदर्शनातून काढण्यात आला. एकाच लक्षणावरून वय ठरवू नये, हे त्यातून शिकण्यासारखे.

दुसरे उदाहरण आपल्या डोक्यावरच आहे, अगदी शब्दशः. मोनिएचे लोखंड सिमेंटमध्ये गंजत नाही, कारण सिमेंटच्या अल्कधर्मी वातावरणात लोखंडावर ऑक्साइडचा एक पातळ संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. ज्या कार्बोनेटच्या थरामुळे कुंडीवर दगडफूल बसते, तोच थर आत सरकत सळईपर्यंत पोचला की हा पापुद्रा मोडतो. लोखंड गंजू लागते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते; ते काँक्रीटला आतून रेटते आणि सिमेंटचे पोपडे पडतात. समुद्रकाठी खाऱ्या हवेतील क्लोराइडमुळे हे काम आणखी लवकर होते. मुंबईत पावसाळ्यात जुन्या इमारतीचा सज्जा कोसळल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यांच्यामागे पुष्कळदा गंजलेल्या सळयांची ही गोष्ट असते. अशा वेळी पोपड्यांवर नवा गिलावा चढवून रंग देणे म्हणजे कुंडीला ताक फासण्याच्या उलटे सोंग झाले. तेथे नव्याला जुने दाखवायचे असते, येथे जुन्याला नवे. कुंडीच्या सोंगाने कोणाचे काही बिघडत नाही. छताच्या सोंगाखाली मात्र माणसे झोपलेली असतात.

वर्गात करून पाहण्यासाठी

एक भाग सिमेंट, एक भाग बारीक वाळू आणि दोन भाग कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा घ्या. पिटाऐवजी आम्ही मुद्दामच कोकोपीट सुचवत आहोत. दलदलीतील पीट साठायला हजारो वर्षे लागतात आणि नारळाची सोडणे आपल्याकडे भरपूर आहेत. पाणी बेताने घालून मिश्रण मुठीत दाबले असता गोळा राहील इतपत ओले करा. मोठ्या डब्यात लहान डबा ठेवून मधल्या जागेत ते ठासा. बुडाला निचऱ्याचे भोक ठेवायला विसरू नका. सिमेंट कातडीला झोंबते, म्हणून मुलांना रबरी हातमोजे घालायला लावा आणि कोरडे सिमेंट शिक्षकांनीच मिसळावे. दोन दिवसांनी साचा काढा आणि दोन-तीन आठवडे पाणी मारत राहा.

अशा किमान तीन कुंड्या करा. पहिली तशीच ठेवा. दुसरी महिनाभर पाणी बदलत भिजवून मग ठेवा. तिसरी भिजवून तिला ताक लावा. तिन्ही एकाच सावलीत, एकाच ओलीत ठेवा. दर महिन्याला हिरवा डाग कोठे आला, किती पसरला ते मोजा. याच मिश्रणाच्या काही वड्याही पाडून ठेवा. दरवर्षी एक वडी फोडा आणि ताज्या तुटलेल्या भागावर थोडे पाणी शिंपडून फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाका. जेथे चुना शिल्लक आहे तेथे गुलाबी रंग येईल, जेथे हवा पोचली तेथे येणार नाही. इमारतींची तपासणी करणारे अभियंतेही हीच कसोटी लावतात. फिनॉल्फ्थॅलीन नसेल तर हळदीचे पाणी वापरून पाहा. अल्कधर्मी भागावर ते तांबूस होते. बिनरंगी कडेची रुंदी दरवर्षी लिहून ठेवली तर वर्गमुळाचा नियम कितपत लागू पडतो ते मुलांना स्वतः तपासता येईल.

आजच्या पाचवीतली मुले दहावी होऊन जातील तरी हा प्रयोग संपलेला नसेल. म्हणून आणखी एक गोष्ट करा. मिश्रण ओले असतानाच कुंडीच्या बाजूवर आजची तारीख आणि साल कोरा. काही वर्षांनी तिच्यावर दगडफूल आले, तर त्या वेळच्या मुलांना बेशेलला स्मशानात शोधावी लागली ती गोष्ट, म्हणजे वय माहीत असलेला दगड, शाळेच्या अंगणातच मिळेल.